उंदरावर घसारा काढावा काय?

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आयकराचा तास दुपारी असतो. जेवून सुस्तावलेल्या वर्गाला कलमे आणि पोटकलमे समजावून सांगणे किती अवघड असते, ते आमचे सरच जाणोत. त्या दिवशी ‘प्लँट’ या शब्दाची व्याख्या चालली होती. सर म्हणाले, “२०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर झाला, कलमांचे आकडे बदलले. पण १९६१ च्या कायद्यातली ही व्याख्या एकदा कान देऊन ऐका, तिच्यात विचार आहे.” त्या व्याख्येत जहाजे होती, वाहने होती, पुस्तकेसुद्धा होती; शास्त्रीय उपकरणे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे होती. चहाची झुडपे आणि पशुधन मात्र मुद्दाम वगळलेले होते. म्हणजे धंद्यासाठी टेम्पो घेतला तर त्यावर घसारा मिळे, बैल घेतला तर मिळत नसे.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने आदल्या रात्री मोबाईलवर नागपूरची एक जुनी बातमी वाचली होती. ती त्याने बाकाखालून मला दाखविली. माझ्याने राहवेना. मी उठून विचारले, “सर, डोक्यात तारा आणि पाठीवर यंत्र बसविलेला उंदीर असेल तर त्यावर घसारा काढायचा का?” वर्ग खदखदून हसला. सरही हसले. परंतु तास संपल्यावर मला थांबवून म्हणाले, “प्रश्न थट्टेचा नाही. उत्तर शोध आणि लिहून आण.” त्या लिहून नेलेल्या उत्तराचाच हा लेख झाला आहे. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी नाही. तेव्हा चुकले-माकले आमच्या विज्ञानाच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

आधी ती बातमी. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले होते. तेथे डीआरडीओच्या, म्हणजे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, हैदराबाद येथील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने आपले एक काम लोकांपुढे मांडले. उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचा सूक्ष्म झटका पोहोचविणारी बारीक तार, बसवायची. डोक्यावर लहानसा कॅमेरा द्यायचा. आणि दूर बसलेल्या माणसाने संदेश पाठवून त्याला हवे तिकडे न्यायचे, असा तो प्रयोग. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झाला तसा हल्ला पुन्हा झाला, तर अतिरेकी कोणत्या खोलीत दडले आहेत हे माणूस आत न पाठविता कळावे, हा त्यामागचा हेतू. तो हेतू क्षुल्लक नाही. ताज हॉटेलातील चकमक २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालली होती. एका दाराआड काय आहे हे न कळता ते दार उघडावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना आपण घरबसल्या करू शकत नाही.

येथे पहिला प्रश्न मनात येतो तो असा की उंदीरच कशाला हवा? उंदराएवढे यंत्र का करू नये? याचे उत्तर वाणिज्य शाखेच्या मुलालाही समजण्यासारखे आहे, कारण ते खर्चाचे आहे. फक्त हा खर्च रुपयांत नसून शक्तीत मोजायचा. यंत्र जसजसे लहान करावे तसतशी त्याची बॅटरीही लहान होते आणि तिच्यात साठणारी वीज झपाट्याने कमी होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘रोबोबी’ नावाची यांत्रिक माशी तयार झाली. तिचे वजन सुमारे ८० मिलिग्रॅम आणि पंख सेकंदाला १२० वेळा हलणारे. २०१३ साली ती हवेत तरंगली, पण तिला वीज पुरविणारी तार खालच्या टेबलाशी जोडलेली होती, कारण स्वतःची बॅटरी उचलण्याची ताकद तिच्यात नव्हती. तार तोडून, केवळ प्रकाशावरच्या विजेने क्षणभर उडायला २०१९ साल उजाडले. याउलट आपल्या स्वयंपाकघरातली साधी माशी गुळाच्या एका कणावर दिवसभर भणभणत असते. इंजिन तिचे, इंधन तिचे, दुरुस्तीही तिची तीच करते. तेव्हा यंत्र तयार करीत बसण्यापेक्षा तयार प्राण्यावर थोडेसे यंत्र चढवावे, हा हिशेब शास्त्रज्ञांना स्वस्त वाटला तर नवल नाही.

याहून सूक्ष्म यंत्रे आहेत, पण त्यांना इंजिनच नसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीच्या पदार्थाचे, स्क्रूसारखे पिळदार कण केले आणि त्यांवर लोखंडाचा मुलामा दिला. बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरविले की हे कण स्क्रूप्रमाणे फिरत पुढे सरकतात. दाताच्या आत असंख्य बारीक नळ्या असतात. दाताच्या मुळाचा उपचार केला तरी त्या नळ्यांत जंतू दडून राहतात. हे कण त्या नळ्यांत २००० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे दोन मिलिमीटर आत, नेता येतात आणि तेथे तापवून जंतू मारता येतात, असे काढून ठेवलेल्या दातांवरील प्रयोगांतून २०२२ साली दिसून आले. मिशरीने काळे पडलेले आजीचे दात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे हा प्रयोग वाचताना मला भीती वाटली नाही, उलट त्याचे अप्रूपच वाटले. हा कण कोणाला दुखवीत नाही, कारण त्याला स्वतःचे असे काही वाटतच नाही. तो निव्वळ स्क्रू आहे.

उंदीर मात्र स्क्रू नव्हे. त्याला चालवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घेतल्यावर मला अस्वस्थ वाटू लागले.

नागपूरच्या बातमीच्या वीस वर्षे आधी, मे २००२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील वैद्यकीय केंद्रातले संजीव तलवार, जॉन चेपिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पाच उंदरांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रत्येक उंदराच्या मेंदूत तारा तीन ठिकाणी पोहोचविल्या होत्या. पहिली जागा उजव्या मिशांची संवेदना जेथे उमटते ती, दुसरी डाव्या मिशांची. उंदीर अंधारात मिशांनी चाचपडत जातो हे आपल्याला माहीत आहेच. उजव्या जागी झटका दिला की त्याला उजव्या मिशांना काही लागल्यासारखे वाटे. तिसरी तार मेंदूच्या अशा भागात होती की तेथे झटका बसला म्हणजे प्राण्याला सुख वाटते. शास्त्रज्ञ लॅपटॉपवरून डावी-उजवी खूण करीत. उंदीर त्याप्रमाणे वळला की तिसऱ्या तारेतून सुखाचा एक झटका. थोड्याच दिवसांत उंदीर असा तयार झाला की तो शिड्या चढे, झाडावर चढे, अरुंद कडेवरून जाई, आणि ज्या भगभगीत उजेडाला उंदराची जात टाळते त्या उजेडातही जाई. ५०० मीटर अंतरावरूनही त्याला चालविता येत होते.

हे सुखाचे ठिकाण सापडले तेही उंदरातच. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदराच्या मेंदूत अशी तार बसवून तिची कळ त्याच्याच पायाशी ठेवली. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबीत राहिला. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की समोर अन्न असतानाही काही उंदीर अन्न सोडून कळच दाबीत बसतात.

म्हणजे येथे चाबूक नाही. आर नाही, वेसणही नाही. उंदराला मारून चालविलेले नाही. त्याला जावेसे वाटायला लावलेले आहे. वरवर पाहता हे दयाळूपणाचे वाटते. मलाही क्षणभर तसेच वाटले होते.

सुट्टीत निपाणीला गेलो तेव्हा हे सारे आजीला सांगितले. आजीने उभा जन्म विड्या वळण्यात घालविला. हजार विड्यांचा हिशेब, त्यांतल्या नापास म्हणून बाजूला काढलेल्या, आणि उरलेल्यांचे पैसे, हे गणित तिच्या बोटांवर असते. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, “आरं, बैलाला चाबूक मारत्यात, खरं हाय. पन रातच्याला म्होरं वैरण तरी टाकत्यात. ह्या उंदराला काय मिळतंय रं?”

मी म्हणालो, “सुख मिळतं. खाल्ल्यासारखं वाटतं.”

“खाल्ल्यागत वाटतंय, पन पोटात काय न्हाई?”

“त्याला रोजचं खाणं वेगळं मिळतच असणार, आजी.”

“मग ते जेवान झालं, मजुरी न्हवं,” असे म्हणून तिने पुन्हा सूप मांडीवर घेतले.

आम्ही वर्गात करारविषयक कायदा शिकतो. १८७२ च्या त्या कायद्यात ‘प्रतिफल’ हा शब्द आहे. करार व्हायचा तर दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावे-घ्यावे लागते. उंदराशी करार होत नाही, हे मला कळते. पण आजपर्यंत माणसाने जनावराकडून काम घेतले ते काहीतरी देऊन, निदान देण्याचे दाखवून. बैलाला वैरण, कुत्र्याला भाकरी, सर्कशीतल्या हत्तीला केळी. येथे प्रथमच असे झाले आहे की देण्याची गोष्ट मधून काढून टाकली आणि मिळाल्याची भावना तेवढी थेट मेंदूत घातली. हे नाणे खणखणीत वाजते, पण त्यात चांदी नाही.

यावर मित्राने मला चांगलेच पकडले. तो म्हणाला, “तुमच्या घरी उंदरांना काय घालता? विषाची गोळीच ना? चिकटपट्टीवर अडकलेला उंदीर सकाळपर्यंत ओरडत असतो, तेव्हा तुझी दया कुठे असते?” हे खरे आहे. तंबाखूची वखार असो वा धान्याची, आमच्या भागात उंदराची कोणी गय करीत नाही. याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणता येते की विष घालणारा उंदराचा जीव घेतो, पण त्याची इच्छा उंदराचीच राहते. शेवटपर्यंत तो पळण्याचीच धडपड करतो. दोहोंत वाईट कोणते, हे मला ठरविता आलेले नाही. पण दोन्ही एक नव्हेत, एवढे नक्की.

हा मित्र कन्नड माध्यमात शिकलेला. वेसणीला कन्नडमध्ये ‘मूगुदार’ म्हणतात, म्हणजे नाकातला दोर, हे त्याने मला सांगितले. आमच्या दोन्ही भाषांत जनावराला वळविण्याची जागा नाकात आहे. दोर ओढला की दुखते, म्हणून बैल वळतो. त्यात लपविलेले काही नसते. बैलाच्या मेंदूतही तार घालून झाली आहे. १९६३ साली स्पेनमधील कॉर्दोबा येथे होझे देल्गादो या शास्त्रज्ञाने झुंजीच्या बैलाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसविले आणि तो स्वतः हातात रेडिओची कळ घेऊन रिंगणात उभा राहिला. बैल अंगावर धावून आला, देल्गादोने कळ दाबली, बैल थबकून बाजूला वळला. ते छायाचित्र जगभर गाजले. बैलाचा राग शांत केला, असे देल्गादो म्हणत असे. इतर शास्त्रज्ञ म्हणाले, राग वगैरे काही गेला नाही, त्याला केवळ एका बाजूला वळायला भाग पाडले. बैलाला विचारता आले असते तर वाद मिटला असता. आमच्याकडे शंकरपटाच्या बैलांवरून कोर्टात किती वर्षे वाद चालला, हे वाचकांना सांगायला नको. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबविल्या आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडू यांनी केलेल्या दुरुस्त्या मान्य केल्या. त्या वादात निदान एक गोष्ट सर्वांना दिसत होती, ती म्हणजे बैलाच्या पाठीवरचे वळ. मेंदूतल्या तारेचा वळ कोठे उठतो?

झुरळांचा प्रकार थोडा निराळा. कन्नडमध्ये झुरळाला ‘जिरळे’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच मोरीतून बाहेर पडल्यासारखे वाटतात. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात हिरोताका सातो यांनी मादागास्करच्या मोठ्या झुरळांवर बरीच वर्षे काम केले आहे. झुरळाच्या मिशा किंवा मागचे संवेदनाग्र यांना झटका दिला की त्याला वाटते, समोर काही आडवे आले किंवा मागून काही येत आहे. आणि ते वळते किंवा पळते. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा सिंगापूरच्या मदत पथकाबरोबर अशी दहा झुरळे पाठविण्यात आली. आपत्तीच्या ठिकाणी प्रत्यक्ष मदतकार्यात अशी झुरळे वापरण्याची ही पहिलीच वेळ. कोसळलेल्या इमारतीच्या फटीत जेथे माणसाचा हात जात नाही तेथे ती गेली. त्यांच्यामुळे कोणी जिवंत सापडले नाही. परंतु ढिगाऱ्याखाली आपले कोणी अडकले असते तर आपण झुरळाच्या सुखदुःखाचा विचार करीत बसलो नसतो, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

अमेरिकेत २०१३ पासून शाळेतल्या मुलांसाठीसुद्धा झुरळावर बसवायचा संच विकला जाऊ लागला. मुलांनीच झुरळावर शस्त्रक्रिया करायची आणि मोबाईलवरून त्याला वळवायचे. त्यावर बरीच टीका झाली. पण त्या संचातली एक गोष्ट मला फार आवडली. थोडा वेळ झटके दिल्यावर झुरळ त्यांना सरावते आणि वळेनासे होते. समोर भिंत नाही हे जणू त्याला उमगते. उंदराच्या सुखाच्या तारेला असा सराव होत नाही. ओल्ड्सचा उंदीर कळ दाबीतच राहिला होता. खोट्या भीतीला झुरळ लवकर ओळखते, खोट्या सुखाला उंदीर ओळखत नाही. (मोबाईलची घंटी वाजली की अभ्यास सोडून उठणाऱ्या माझ्यासारख्याने यावर अधिक बोलू नये.)

तार न घालताही उंदराकडून असे जोखमीचे काम करवून घेता येते, याचे उदाहरण कंबोडियात आहे. ‘मागावा’ नावाचा एक मोठा आफ्रिकी उंदीर टांझानियात शिकून तयार झाला होता. जमिनीतल्या सुरुंगाचा वास आला की तो जमीन उकरून खूण करी आणि त्याबद्दल त्याला खाऊ मिळे. त्याने शंभराहून अधिक सुरुंग व स्फोटके शोधली. २०२० साली त्याला शौर्याचे सुवर्णपदक मिळाले, आणि निवृत्त होऊन जानेवारी २०२२ मध्ये तो म्हातारपणाने वारला. मागावाला कंटाळा आला तर तो थांबू शकत होता, आणि थांबला की माणसांना थांबावे लागत होते. माणसाच्या मेंदूतही कंपवातावर उपाय म्हणून अशाच तारा बसवितात. १९८७ सालापासून ही पद्धत रूढ होत गेली आणि तिने पुष्कळांचे हात स्थिर केले. पण तेथे रोगी आधी सही करतो.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. कायद्याच्या दृष्टीने हा उंदीर कोण?

सरांनीच मला एक जुना इंग्रजी खटला दाखविला. यार्माउथ विरुद्ध फ्रान्स, १८८७. लंडनमध्ये मालधक्क्याच्या मालकाकडे यार्माउथ नावाचा गाडीवान होता. त्याला दिलेला घोडा लाथाळ होता. त्याने तक्रार केली, मुकादमाने तशीच गाडी हाकायला सांगितले, आणि एके दिवशी घोड्याच्या लाथेने गाडीवानाचा पाय मोडला. नुकसानभरपाई मिळायची तर मालकाच्या ‘प्लँट’मध्ये दोष होता असे ठरावे लागत होते. न्यायाधीशांनी बहुमताने ठरविले की धंद्यात कायम वापरण्यासाठी ठेवलेली वस्तू, मग ती सजीव असो वा निर्जीव, प्लँटच होय. आणि घोड्याचा लाथाळपणा हा त्या प्लँटमधला दोष. त्या निकालाने गाडीवानाचे भले झाले, म्हणून मला तो आवडतो. पण त्याच निकालात घोड्याचा स्वभाव यंत्राचा बिघाड होऊन बसला. आपल्या १९६१ च्या कायद्याने उलटी वाट धरली आणि पशुधन वगळले. मग पाठीवरचे यंत्र ‘शास्त्रीय उपकरण’ म्हणून प्लँटमध्ये जाणार आणि खालचा उंदीर बाहेर राहणार. एकाच शरीराची दोन खाती.

प्राण्यांना क्रूरतेपासून वाचविणारा १९६० चा कायदाही मी पाहिला. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. तेव्हा उंदीरच काय, झुरळही तिच्यात बसते. ज्ञानासाठी, जीव वाचविण्यासाठी किंवा रोग दूर करण्यासाठी प्रयोग करायला कायद्याने मुभा दिलेली आहे. खेळ करून दाखविणाऱ्या प्राण्यांसंबंधीच्या प्रकरणात आणखी एक सूट आहे, ती लष्कर व पोलीस यांच्या खऱ्याखुऱ्या कामासाठी प्राण्यांना शिकविण्याची. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडे आणि कुत्री असावीत. त्या सूटीतला शब्द ‘शिक्षण’ असा आहे. मागावाला शिकविले होते. ब्रुकलिनच्या उंदराला शिकविले, की त्याच्यात काही बसविले? आणि प्रयोग संपून असे उंदीर नेहमीच्या वापरात आले की मग तो ‘प्रयोग’ राहील काय? हे प्रश्न अजून कोर्टात जायचे आहेत. अमेरिकेत २०२० साली बेडकाच्या पेशी जुळवून एक मिलिमीटरहून लहान असे चालते-फिरते ठिपके केले गेले. ते यंत्र की प्राणी, हे करणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. कायद्याजवळ मात्र दोनच कप्पे आहेत.

सरांनी वही परत दिली तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले होते : उपकरणावर नियमाप्रमाणे घसारा. उंदरावर घसारा नाही. धंद्यात वापरलेले जनावर मेले किंवा निकामी झाले तर खरेदीच्या किमतीतून मृत जनावराचे आलेले पैसे वजा करून उरलेली रक्कम खर्च म्हणून मिळत असे; ती १९६१ च्या कायद्यातली तरतूद पाहावी.

मी ती पाहिली. कलम ३६ मध्ये होती. त्याप्रमाणे मांडून पाहिले, तर आमच्या उंदराची खरेदी किंमत काही रुपये धरता येते. मृत उंदराचे आलेले पैसे या रकान्यात मात्र काय लिहावे हे आजीलाही विचारले. ती म्हणाली, “शून्य लिव. उंदीर कोन इकत घेतंय?”